आक्का का पेंगत होत्या

आम्ही मोहोळ तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. बारा जणी आहोत, त्यातल्या पाच जणी आज इथं माइकसमोर दाटीवाटीनं बसलो आहोत. बोलणार एक जण, पण बोलणं सगळ्यांचं. आज आम्ही पापड-शेवयांचं सांगायला आलो नाही आणि कर्जाच्या हप्त्यांचंही नाही. आज झोपेविषयी बोलायचं आहे. "झोपेवर काय बोलायचं बाई, ती आधी मिळू तर दे," असं आमच्यातलीच एक म्हणाली होती. तुम्हीही म्हणत असाल. तरी जरा ऐका.

ही गोष्ट ज्यांची, त्या आक्का शेजारीच बसल्या आहेत. येताना जीपमध्ये त्यांनी बजावलं, "माझं नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा. आणि तुम्ही मला काय काय बोललात तेबी सांगा." म्हणून सुरुवात तिथूनच करतो, आमच्या चुकीपासून.

आक्कांचं वय चौपन्न. नऊ वर्षं गटाच्या कोषाध्यक्ष. लिहायला-वाचायला सातवीपर्यंतच शिकल्या, पण हिशेब असा की बँकेचे साहेब वही बघून मान डोलवायचे. दर महिन्याच्या पाच तारखेला मारुतीच्या देवळात आमची बैठक असते. दोन-तीन वर्षांपूर्वी आक्का बैठकीत पेंगायला लागल्या. नोटा मोजता मोजता मान छातीवर यायची आणि मधेच दचकून "किती झाले गं?" म्हणायच्या. पहिल्यांदा आम्ही हसलो. "आक्का, म्हातारपणी भाऊजी झोपू देत नाहीत वाटतं," असंही कुणी बोललं. मग हसू कमी झालं आणि कुरकुर सुरू झाली. एका महिन्यात सातशे रुपयांचा मेळ बसेना. आक्का दोनदा मोजून पेंगल्या, तिसऱ्यांदा मोजून पेंगल्या. तेव्हा आमच्यातल्या एकीनं म्हटलं, आता पेटीची किल्ली दुसरीकडं द्यावी. आक्का झोपल्या आहेत असं समजून म्हटलं. त्या जाग्या होत्या. काही न बोलता त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि आमच्यापुढं ठेवली.

आम्ही ती घेतली. हे सांगायला आजही जड जातं. सातशे रुपये पुढं सापडले, एकीचा हप्ता मागच्या पानावर लिहिला गेला होता. पण तोवर आक्का बैठकीत मागं बसायला लागल्या होत्या.

आता त्यांना घरी काय होत होतं ते ऐका, कारण तुमच्यातल्या कुणाला हेच होत असेल. सकाळी उठल्यावर डोकं जड, जणू रात्रभर कुणी पाटा ठेवलाय. तोंड कोरडं ठाक. रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठायचं. साखर असेल म्हणून रक्त तपासलं, साखर नव्हती. बीपीच्या दोन गोळ्या चालू, तरी वरचा आकडा एकशे साठच्या खाली येईना. दिवसभर अंगात त्राण नाही आणि बारीकसारीक गोष्टीवर रडू. सून म्हणायची, आत्याबाई हल्ली चिडचिड करतात. तालुक्याच्या एका डॉक्टरांना आक्कांनी सांगितलं, मला रात्री झोप लागत नाही. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. घोरता का, झोपेत काय होतं, हे विचारलंच नाही. गोळी सुरू झाल्यावर पेंग आणखी वाढली. एका दुपारी कडबाकुट्टीत वैरण घालताना आक्कांचा डोळा लागला. नातवानं हाक मारली म्हणून हात मागं आला. नाहीतर आज काय सांगितलं असतं आम्ही?

तुम्ही विचाराल, घरात कुणाला कळलं नाही? कसं कळणार? शेतीची लाईट रात्रीची, म्हणून भाऊजी मोटर चालू करायला वस्तीवर झोपतात. मुलगा-सून माळवदावर. आक्का मधल्या खोलीत दोन नातवंडांना घेऊन, आणि लेकरं झोपली की त्यांच्या कानाशी ढोल वाजला तरी उठत नाहीत. घोरण्याचा आवाज वरपर्यंत जायचा. पण घोरणं म्हणजे गाढ झोप, असंच आपण समजतो ना? "आई घोडे विकून झोपते," मुलगा कौतुकानं सांगायचा. गडीमाणूस घोरला तर बायको कुशीवर वळून रात्रभर ऐकते आणि सकाळी साऱ्या गल्लीला सांगते. बाईचं घोरणं ऐकायला जागं कोण असतं?

आम्हाला ते ऐकू आलं वारीत.

दोन वर्षांपूर्वीची आषाढी. गावची दिंडी मोहोळवरून पंढरपूरला पायी निघाली. पेनूर मागं टाकलं आणि रात्री एका शाळेच्या वऱ्हांड्यात पथाऱ्या पडल्या. बाहेर भुरभुर पाऊस, आत बायका ओळीनं निजलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. आक्का मधोमध. डोकं टेकलं तसं त्यांचं घोरणं सुरू झालं. कुणी हसलं, कुणी पदर कानावर ओढला. थोड्या वेळानं आवाज एकदम थांबला. "बरं झालं बाई," असं म्हणून आम्ही डोळे मिटले. पण आमच्यातली एक सून, जिला पायाच्या फोडांनी झोप येत नव्हती, ती उठून बसली. तिनं मोबाइलचा उजेड आक्कांच्या अंगावर टाकला. छाती-पोट हलत होतं, जणू आतून कुणी धडपडतंय. पण नाकातोंडातून वारा येत नव्हता. तिनं आम्हाला हलवून उठवलं. आम्ही चौघी आक्कांभोवती बसलो. काय करावं सुचेना, म्हणून एकीनं पुटपुटत विठ्ठल-विठ्ठल सुरू केलं. वीस वेळा विठ्ठल झालं. एकविसाव्याला आक्कांनी मोठ्यानं खर्रर्र आवाज केला, बुडणारं माणूस वर येऊन घेतं तसा श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागल्या. आमच्या जिवात जीव आला. दोन मिनिटांत परत तेच. असं आम्ही दीड तास मोजत बसलो. घड्याळ लावून बघितलं तर एका खेपेला चाळीस सेकंद भरले.

सकाळी चहाच्या वेळी आक्कांना सांगितलं. त्या चिडल्याच. "माझं मेलीचं कसलं घोरणं! मला तर रात्रभर नीट झोपच न्हाई." आम्हाला वाटलं, आक्का लाजेनं नाकारताहेत. पुढं डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं, आमचंही खरं होतं आणि आक्कांचंही. त्या घोरत होत्या आणि झोपतही नव्हत्या.

दुसऱ्या रात्री, पंढरपुरात, आक्कांना विचारून त्या सुनेनं मोबाइलवर दहा मिनिटांचं शूटिंग केलं. आक्कांनी सकाळी ते बघितलं आणि कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही मी हाय?" मैत्रिणींनो, हे शूटिंग फार कामाला आलं. गावी परतल्यावर आशाताईंना दाखवलं, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर मॅडमनी ते दोनदा बघितलं आणि सोलापूरला जायची चिठ्ठी दिली. तोंडानं तासभर सांगून जे पटलं नसतं ते दहा मिनिटांत पटलं.

या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं. झोपेत दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडला की एक खेप मोजतात. डॉक्टरांनी कागदावर नरड्याचं चित्र काढून सांगितलं, पण आक्कांना ते समजलं मोटरीच्या पाइपावरून. तुम्हाला ठाऊक आहे, विहिरीतून पाणी ओढणाऱ्या बाजूला कडक पाइप लागतो. तिथं मऊ कापडी पाइप लावला तर ओढ बसताच तो आत चिकटतो आणि पाणी बंद. आपलं नरडं हा मऊ पाइप आहे. जागेपणी त्याभोवतीचे स्नायू त्याला ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागं जाते. गळ्याभोवती चरबी असली, जबडा लहान किंवा मागं असला, टॉन्सिल मोठे असले, तर श्वास ओढताना तो पाइप चिकटतो. अर्धवट चिकटला की घोरणं, पूर्ण चिकटला की श्वास बंद. मग रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, मेंदू घाबरून जागं करतो, श्वास येतो आणि माणूस परत झोपतो. ही जाग इतकी क्षणाची असते की सकाळी आठवत नाही. पण दर खेपेला काळीज धडधडतं आणि बीपी उसळतं. रात्रभर कुणी तुम्हाला दर दोन मिनिटांनी हलवून उठवलं तर दिवसा तुम्ही नोटा मोजाल का?

"म्हंजे रोज रात्री माझा गळा आवळला जातोय, आणि आवळणारीबी मीच," आक्का म्हणाल्या. डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

वर्षानुवर्षं असं चाललं तर बीपी गोळ्यांना दाद देत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात, लकवा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, साखर आवरत नाही. सोन्याच्या साखळ्या घालणारे संगीतकार बप्पी लाहिरी तुम्हाला आठवत असतील. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत ते गेले तेव्हा डॉक्टरांनी जे कारण सांगितलं त्यात हाच आजार होता. पैसा, मोठी शहरं, मोठे दवाखाने, सगळं हाताशी असलेल्या माणसाची ही गत.

आणि हा काही दुर्मीळ आजार नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ साली एक अभ्यास छापला. ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत शंभरातल्या साडेसात जणांना श्वास अडणं आणि दिवसा झोप येणं ही दोन्ही लक्षणं होती. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, "आणि बायका?" त्या अभ्यासात बायका नव्हत्याच. पुढं २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र केले. त्यात पुरुषांमध्ये शेकडा १३ आणि बायकांमध्ये शेकडा ५ असं निघालं. पाच म्हणजे आपल्या वीस बायकांच्या गटात एक. आम्हाला वाटतं, खरा आकडा याहून मोठा असेल, कारण तपासायला जातंय कोण?

बायकांत हा आजार ओळखूही येत नाही. गडी माणसं घोरतात, गाडी चालवताना पेंगतात, ते दिसतं. बाई म्हणते झोप लागत नाही, डोकं दुखतं, थकवा आहे, मन लागत नाही. मग तिला कधी रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, कधी झोपेच्या, कधी "वयामुळं होतं" एवढंच. पाळी गेल्यावर हा धोका वाढतो. थायरॉइड मंद असेल तर वाढतो. गरोदरपणात वजन वाढून अचानक घोरणं सुरू झालं आणि बीपीही चढलं, तर तपासणीच्या वेळी हे नक्की सांगायचं. आणि बारीक बाईला होत नाही असंही समजू नका. जबड्याची ठेवण घरातून येते.

गळ्याचा घेर मोजायची एक युक्ती आहे. आपल्यात ब्लाउज शिवणाऱ्या आहेत, टेप घरात असतोच. घेर ४० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे पावणेसोळा इंचांच्या वर असला आणि वर सांगितलेल्यातली दोन-तीन लक्षणं असली, तर थांबू नका. आम्ही पुढच्या बैठकीत सगळ्यांचे गळे मोजले. हसून हसून पोट दुखलं, पण दोघी निघाल्या.

आता सोलापूरचं. सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे आपलं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ते डॉ. वैशंपायन स्मारक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथं केसपेपर काढून कान-नाक-घसा किंवा छातीच्या विभागात दाखवून सुरुवात करता येते. आक्कांनी नाक-घसा तिथं दाखवला. झोपेची तपासणी मात्र एका खासगी दवाखान्यात झाली, कारण मुलाला उसाच्या टोळीची घाई होती. ही तपासणी म्हणजे एक रात्र अंगाला तारा लावून झोपायचं. डोक्याला, छातीला, बोटाला, नाकाखाली. "एवढ्या तारांत कुणाला झोप येणार?" असं आक्का म्हणाल्या आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या. ज्यांना दवाखान्यात राहणं जमत नाही त्यांना छोटं यंत्र घरी देऊनही तपासतात.

सकाळी आकडा आला. तासाला ५ ते १४ खेपा म्हणजे सौम्य, १५ ते २९ मध्यम, ३० आणि वर म्हणजे तीव्र. आक्कांच्या तासाला ४१. ऑक्सिजन एकदा ७६ पर्यंत उतरला होता. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून गुणाकार केला. सहा तासांची झोप धरली तर अडीचशेच्या जवळपास वेळा. आणि आम्ही त्यांना आळशी म्हणत होतो.

मग उपायांची गोष्ट आली आणि गोंधळ उडाला. गावातली सगळी मंडळी वैद्य झाली. कुणी नाकात तूप सोडायला सांगितलं, कुणी हनुवटीला बांधायचा पट्टा आणला. तूप घालून नरड्याचा पाइप उघडा राहत नाही, हे एकदा समजून घ्या. ज्यांचं दुखणं सौम्य आहे त्यांना साध्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. उताणं झोपलं की जीभ मागं पडते, म्हणून कुशीवर झोपायचं. आमच्यातल्या एकीनं नवऱ्याच्या बनियनला पाठीवर कप्पा शिवून त्यात रबरी चेंडू घातला. उताणा झाला की टोचतो. पहिल्या रात्री त्यानं बनियन फेकून दिलं, आता मुकाट घालतो. रात्रीची दारू बंद, कारण दारूनं स्नायू आणखी सैल पडतात. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. पण चालू असलेली गोळी आपल्या मनानं तोडू नका, डॉक्टरांना सांगून सोडवा. वजनाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००० साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की दहा टक्के वजन उतरलं तर श्वास अडण्याच्या खेपा साधारण चौथ्या हिश्शानं उतरतात. सत्तर किलोच्या बाईनं सात किलो. चांगलं आहे, पण आक्कांच्या ४१ मधून चौथा हिस्सा गेला तरी तीस उरतात. एवढ्यानं भागणारं नव्हतं.

दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढं धरून ठेवणारी एक पट्टी बनवून देतात. सौम्य आणि मध्यम आजाराला ती चालते. आक्कांना ती बसेना, कारण ती धरायला दात धड लागतात आणि आक्कांचे दात मिश्रीनं खिळखिळे केलेले. (मिश्री लावणाऱ्यांनो, ऐकताय ना?) लहान पोरांचं वेगळं. पोरगं तोंड उघडं टाकून घोरत असेल, झोपेत घाम येत असेल, अभ्यासात मागं पडत असेल, तर टॉन्सिल आणि नाकामागची गाठ बघून घ्या, ती काढली की बऱ्याच लेकरांचा त्रास जातो. मोठ्यांच्या घशाच्या ऑपरेशनचं तसं नाही. कुणाला गुण येतो, कुणाला वर्षभरात परत घोरणं सुरू. आक्कांच्या घशात कापण्यासारखं काही नव्हतं. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचं नाव आजकाल सगळीकडं ऐकू येतं. त्यातल्या टिर्झेपॅटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या या आजारासाठी मान्यता मिळाली. पण ते महाग आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. जाहिरात बघून मागवू नका.

तीव्र आजाराला पहिला उपाय मशीनचा, त्याला सीपॅप म्हणतात. उशाशी डब्याएवढं यंत्र, त्याला नळी, नळीला नाकावरचा मास्क. ते खोलीतलीच हवा थोड्या दाबानं आत सोडत राहतं. मघाचा मऊ पाइप आठवा. त्यात मागून पाण्याचा जोर असला की तो फुगून उघडा राहतो. तेवढंच. हे यंत्र निघालं ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढं मांडलं. सुरुवातीची यंत्रं घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीवर चालायची. त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडण्यावाचून इलाज नव्हता.

यंत्राची किंमत ऐकून आक्का उठून चालायला लागल्या. साधारण एका बऱ्या म्हशीचे पैसे. विमा आणि सरकारी योजनेतून मशीन मिळेल असं धरून चालू नका, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आणि विमावाल्याला आधी विचारून घ्या. मशीन महिन्याच्या भाड्यानंही मिळतं, हे आम्हाला उशिरा कळलं. आधी महिनाभर भाड्यानं वापरून बघावं, मग घ्यावं. आम्ही तसंच केलं. विकत घ्यायची वेळ आली तेव्हा गटात वाद झाला. आमचं अंतर्गत कर्ज म्हशीला, शिलाई मशीनला, पोरीच्या फीला. झोपेला कर्ज? एक जण म्हणाली, "म्हैस दूध देते, हे यंत्र काय देणार?" तेव्हा जिनं किल्ली काढून घ्यायची सूचना केली होती तीच बोलली, "बाई जिती राहील. लिहा माझी सही पहिली." कर्ज मंजूर झालं. दोन टक्क्यांऐवजी एक टक्का व्याज लावलं.

मशीन आलं म्हणून सुटलो असं नाही. पहिला आठवडा आक्का रोज रात्री दोनला मास्क काढून भिरकावायच्या. नाक कोरडं, गालावर वळ, पोटात वारा. मास्क मोठा होता. माप बदलून घेतलं तेव्हा जमलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसा टीव्ही बघताना अर्धा-अर्धा तास लावून बसा म्हणजे सवय होईल. नातू म्हणाला, "आज्जीला सोंड आली, आज्जी गणपती झाली," आणि आरतीची ताटली घेऊन आला. पण शेजारपाजारच्यांना वाटलं, आक्कांना ऑक्सिजनवर ठेवलंय. दोन दिवसांत पाहुणे यायला लागले, बिस्किटाचे पुडे, शहाळी, एक आत्या तर रडतच आली. शेवटी आक्कांनी दारातच उभं राहून सांगायला सुरुवात केली, "ऑक्सिजन न्हाई बाई, नुसता वारा हाय. चहा घ्या आणि जावा."

लाईटचं दुखणं मोठं. रात्री वीज गेली की मशीन बंद आणि आक्का जाग्या. मुलानं इन्व्हर्टर बसवला. मशीनला वीज फार लागत नाही, पण पाणी गरम करून ओलावा देणारा भाग चालू ठेवला तर जास्त लागते, म्हणून इन्व्हर्टरवर तो बंद ठेवायचा. त्या भांड्यात बोअरचं पाणी घालायचं नाही, आपल्याकडच्या क्षारांनी चार दिवसांत पांढरं होतं. डिस्टिल्ड पाणी घालायचं. ज्वारीच्या मळणीत धूळ उडते, तेव्हा मागची जाळी आठवड्याला बघायची. मास्क रोज साबणाच्या पाण्यानं धुवायचा. आणि उन्हाळा, काय सांगावं! सोलापूरच्या मे महिन्यात नाकावर रबर बांधून झोपणं म्हणजे तपश्चर्याच. आक्कांनी मागच्या मेमध्ये आठ दिवस मशीन बाजूला ठेवलं. नवव्या दिवशी सकाळी डोक्यावरचा पाटा परत आला, तेव्हा आपणहून लावलं. रोज निदान चार तास तरी लावायचंच, झोपेल तेवढा वेळ लावलं तर उत्तम, असं डॉक्टर सांगतात. दुखणं मुळातून गेलेलं नाही. मशीन काढलं की घोरणं हजर.

बीपीच्या गोळ्याही सुटलेल्या नाहीत. पण आकडा आता एकशे चाळीसच्या आसपास राहतो, रात्री लघवीला एकदाच उठतात, आणि कडबाकुट्टीवर पुन्हा बसतात, नातवाला लांब बसवून. तीन महिन्यांनी आम्ही किल्ली परत द्यायला गेलो. आक्कांनी घेतली नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात परत गेलो, तेव्हाही नाही. चौथ्या खेपेला वही मागून घेतली, तिथंच बसून वर्षाचा हिशेब तपासला, आमच्या दोन चुका काढल्या आणि मग किल्ली कमरेला लावली.

एक सांगायचं राहिलं. सोलापूरवरून पुण्याला, हैदराबादला, विजापूरला रात्रंदिवस ट्रक जातात. ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहे, उसाचा ट्रॅक्टर आहे, त्यांनी घोरणं आणि दिवसाची पेंग हलक्यात घेऊ नका. तो सांगणार नाही, गाडी सुटेल या भीतीनं. तुम्ही रात्री उठून बघा आणि शूटिंग करा.

यंदाच्या आषाढीला आक्का परत दिंडीत होत्या. मशीन पिशवीत, नातवाच्या दप्तराला बांधलेलं. त्याच शाळेचा वऱ्हांडा, आणि अख्ख्या वऱ्हांड्यात प्लग एकच. मोबाइल चार्ज करायला बायकांची रांग लागलेली. आक्कांनी सोंड लावली तशी सगळ्यांनी आपापल्या वायरी काढून घेतल्या. दिवा मालवला. मशीनचा बारीक सूं सूं आवाज आणि बाहेर पाऊस. आक्का शांत झोपल्या.

थोड्या वेळानं पलीकडच्या कोपऱ्यातून, दुसऱ्याच गावच्या बायकांतून, घोरण्याचा आवाज आला. मग तो थांबला. आम्ही उठून बसलो आणि विठ्ठल-विठ्ठल मोजायला लागलो.